तुले काय येस?

रविवारी सकाळी अमळनेरच्या एका अभ्यासिकेत मी मुलांच्या लुटुपुटूच्या मुलाखती घेते. मुलं त्याला 'मॉक' म्हणतात. बँक, विमा, बियाण्यांच्या कंपन्या, ठिबकवाले, मधूनच एखादा एमपीएससीवाला. ज्याला जिथलं बोलावणं आलं असेल तो येतो. मे महिन्यात पत्र्याखाली टाय बांधून बसलेला पोरगा बघितला की त्याला आधी पाणी द्यावंसं वाटतं. तो पाणी पितो, मग मी विचारते, "तुझ्या स्ट्रेंग्थ काय आहेत?"

पोरगा ताठ होतो. "मॅम, आय ॲम हार्डवर्किंग, सिन्सिअर, पंक्च्युअल अँड क्विक लर्नर."

दुसरा येतो. तोही हार्डवर्किंग. तिसरी मुलगी हार्डवर्किंग आणि वर टीम प्लेयर. दुपारी बारापर्यंत माझ्या वहीत अकरा हार्डवर्किंग जमा होतात. एवढी मेहनती माणसं एका छपराखाली, आणि कोपऱ्यातला पाण्याचा रिकामा जार तीन दिवसांपासून कोणी बदललेला नसतो.

मला हसू येतं, पण फार वेळ नाही. कारण १९९९ साली मीही हेच म्हटलं होतं. बसस्टँडवर घेतलेल्या गाइडमध्ये तीन शब्द होते: हार्डवर्किंग, ऑनेस्ट, सिन्सिअर. अमळनेरहून रातराणीने पुण्याला जाताना मी ते रात्रभर घोकले. शेजारी आप्पा. पांढरी टोपी, मांडीवर पिशवी, पिशवीत कळण्याची भाकरी आणि ठेचा. एका कंपनीत लेखा सहाय्यकाची जागा होती. आत टेबलामागे एक साहेब आणि एक बाई. साहेबांनी तो प्रश्न विचारला, मी तीन शब्द ओळीने म्हटले. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "फॉर एक्झाम्पल?"

गाइडमध्ये याच्यापुढचं पान नव्हतं.

मी गप्प बसले. बाईंना दया आली असावी. त्यांनी विचारलं, पाणी हवंय का? मी म्हटलं, "हो, पानी चालेल." बाईंनी साहेबांकडे बघितलं आणि ओठांच्या कोपऱ्यात हसल्या. अहिराणी बोलणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाच्या तोंडात 'ण' सहजासहजी बसत नाही. आमच्याकडे पानीच, कोनच, लोनीच. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं असं आता वाटतं. तेव्हा तसं वाटलं नव्हतं.

बाहेर आप्पा पायरीवर बसले होते. काय इचारं, म्हणाले. मी सांगितलं, माझ्यात चांगलं काय काय आहे ते विचारलं. आप्पा खरोखर चक्रावले. "ते बी आपनच सांगानं?"

त्यांच्या दृष्टीने तो प्रश्न मुळातच चुकीच्या माणसाला विचारला गेला होता. मुलगी बघायला आलेले लोकही मुलीला तिचे गुण विचारत नाहीत, गावात चौकशी करतात. आपलीच आरती आपण ओवाळायची नसते, हे आम्हाला कोणी वेगळं शिकवलेलं नाही. गर्जेल तो पडेल काय, हे वाक्य शाळेतल्या फळ्यापासून घरातल्या ओट्यापर्यंत सगळीकडे होतं. गंमत म्हणजे त्याच गावात, बाजारपेठेत, बरोबर उलटी म्हणही चालायची. खानदेशाला गुजरात लागून आहे, पेढ्यांवर गुजराती व्यापारी पिढ्यान् पिढ्या बसलेले, आणि त्यांच्यात म्हणतात, "बोले तेना बोर वेचाय." बोलेल त्याची बोरं विकली जातील. आम्ही माल घेऊन त्यांच्या दारात जायचो आणि गप्प उभे राहायचो. भाव ते सांगायचे.

आप्पा बाजार समितीत मापाडी होते. शेतकऱ्याचा माल लिलावात गेला की तो तोलायचा, पोती मोजायची, काटापट्टी करायची. समितीचा परवाना होता, त्यावर नाव आणि नंबर. पोती मोजताना ते पहिल्याला कधी 'एक' म्हणत नसत. 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. ही जुनी रीत, धान्य मोजणाऱ्या बऱ्याच माणसांच्या तोंडी असायची. लहानपणी मला वाटायचं, अंकांची सुरुवातच लाभापासून होते. पहिलीत बाईंनी एकापासून म्हणायला लावलं तेव्हा मी बाईंनाच दुरुस्त केलं होतं.

आप्पांचं एक काम मात्र परवान्यात नव्हतं. दादरचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, ढीग ओट्यावर ओतलेला असला की ते लांबूनच, चालता चालता, किती क्विंटल भरेल ते सांगायचे. मग काटा व्हायचा. फरक निघालाच तर पाच-दहा किलोंचा. दोन शेतकऱ्यांत बटाईच्या वाटणीवरून तंटा झाला की ते घरी येऊन बसायचे आणि आप्पांना खळ्यावर घेऊन जायचे. बाहेरगावचा व्यापारी चकित होऊन विचारायचा, मामा, हे कसं जमतं? आप्पा टोपी सारखी करायचे आणि म्हणायचे, "सवय शे." सवय आहे.

या दोन शब्दांवर मी पुढे बरीच वर्षं विचार केला. त्यात विनय होता, पण नुसता विनय नव्हता. त्यांना खरंच तसं वाटायचं. जे काम हातात मुरतं ते करणाऱ्याला दिसेनासं होतं. आप्पांना विचारलं असतं तुमचे गुण काय, तर त्यांनी सांगितलं असतं की मी दारू पीत नाही आणि कोणाचे पैसे बुडवत नाही. ढिगाचं वजन नजरेने सांगता येतं हे त्यांच्या यादीत आलंच नसतं. गाइडमधले माझे तीन शब्द तरी वेगळे काय होते? ऑनेस्ट म्हणजे पैसे बुडवत नाही, हार्डवर्किंग म्हणजे दारू पीत नाही.

आता माझं. नववीपासून दर शनिवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर हमाल जमायचे. वीस-पंचवीस जण. आठवडाभरात कोणी कोणत्या अडत्याकडे किती पोती उचलली, हमाली किती, उचल किती घेतली, हातात किती यायला हवे, हे सगळं मी वहीत मांडायची. आप्पांचं अक्षर वाईट होतं, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. एकदा एका पेढीच्या हिशोबपट्टीत सलग चार आठवडे थोडे थोडे पैसे कमी लागत होते. पोत्यांचा आकडा बरोबर, दर बरोबर, बेरीज चूक, आणि चूक दर वेळी एकाच बाजूला. मी चारही पट्ट्या एकाखाली एक लिहून आप्पांच्या हातात दिल्या. पैसे परत मिळाले. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते.

लेखा सहाय्यकाच्या जागेसाठी "फॉर एक्झाम्पल?" विचारणाऱ्या माणसाला याहून चांगलं उत्तर कोणतं मिळणार होतं? ते माझ्या तोंडापर्यंत आलंच नाही. आठवलं नाही म्हणून आलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिले. ते खरं नव्हतं. मला लाज वाटत होती. मापाड्याची मुलगी, हमालांची वही, मार्केट यार्डाची धूळ, हे सगळं पुण्याच्या त्या काचेच्या दाराबाहेर ठेवून मी आत गेले होते. आप्पांनाही पायरीवर बसवूनच गेले होते. माझ्यात जे होतं ते सगळं त्या पायरीवर होतं.

(आप्पांनी हे कधी ओळखलं का, मला माहीत नाही. त्यांनी त्या दिवशी मला भाकरी दिली आणि शनिवारवाडा बघायचा का, एवढंच विचारलं.)

पुढे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेले. जळगावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात सतरा वर्षं काढली. तिथे कळलं, की मुलाखत घेणाऱ्यालाही काही फार कळत नसतं. समोरचा टेबलावर आरामात हात ठेवून बोलला, आपल्या ओळखीचं गाव निघालं, की मत बनतं, आणि उरलेली वीस मिनिटं आपण त्या मताला पुरावे गोळा करत बसतो. माणसं निवडण्याच्या पद्धतींवर पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून संशोधन चालू आहे. २०२२ साली पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जुने आकडे पुन्हा तपासले. मुलाखतीवरून पुढच्या कामाचा अंदाज किती बरोबर येतो, हे ० ते १ मध्ये मांडलं, तर मनाला येईल ते विचारलेल्या मुलाखतीला ०.१९ मिळाले. सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून, उत्तरांना ठरलेल्या मापाने गुण दिलेल्या मुलाखतीला ०.४२. सगळ्या पद्धतींत ही सर्वांत वर. सर्वांत वर म्हणजे ०.४२! आप्पांचा ढिगाचा अंदाज इतका चुकला असता तर समितीने परवाना काढून घेतला असता.

अशा आखीव मुलाखतीत एक प्रकारचे प्रश्न हमखास असतात: तुम्ही आजवर काय केलंत ते सांगा. अडचण काय होती, तुमच्या वाट्याला काय आलं होतं, तुम्ही नेमकं काय केलंत, शेवटी काय झालं. यात विशेषणांना जागाच नसते. माझ्या त्या साहेबांचं "फॉर एक्झाम्पल" म्हणजे हेच होतं. मी त्यांच्यावर उगाच इतकी वर्षं राग धरला.

त्याच काळात एका प्रशिक्षणात 'जोहरी खिडकी' हे नाव ऐकलं. मला वाटलं जळगावच्या सराफ बाजाराशी काही संबंध असेल. तसं काही नव्हतं. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली मांडलेली ती चौकट. जो आणि हॅरी, म्हणून जोहरी. खिडकीला चार कप्पे. एकात आपल्यालाही ठाऊक आणि लोकांनाही ठाऊक अशा गोष्टी. एकात आपल्यालाच ठाऊक असलेल्या, लोकांपासून झाकलेल्या. एकात कोणालाच ठाऊक नसलेल्या. आणि एक कप्पा असा, की लोकांना दिसतं पण आपल्याला दिसत नाही. फळ्यावरचा तो कप्पा बघताना मला आप्पांची टोपी दिसली. सवय शे.

म्हणून अभ्यासिकेत मी आता इंग्रजी प्रश्न विचारून झाला की वही मिटते आणि अहिराणीत विचारते, "तुले काय येस?"

प्रश्न तोच, पण मुलं वेगळीच बसतात. स्ट्रेंग्थ म्हटलं की मूल स्वतःला विशेषण शोधतं. काय येतं म्हटलं की हाताकडे बघतं. अर्थात पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "ताई, माले काहीच येत नही." मग दुसरा प्रश्न. लोके तुन्हाकडे कसाकरता येतस? लोक तुझ्या दारात कशासाठी येतात, रात्री-अपरात्री फोन करतात तो कशासाठी?

पारोळ्याकडचा एक मुलगा होता. ठिबकच्या कंपनीत सेवा विभागात जागा. हार्डवर्किंग, सिन्सिअर. दुसऱ्या प्रश्नावर म्हणाला, फोन येतात मोटरीसाठी. शेतीची थ्री फेज लाइट पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला मोटर पाणी उचलेना की गाव याला फोन लावतं. मग तू काय करतोस? "जातो, बघतो." आधी काय बघतोस? तो जरा थांबला. म्हणाला, आधी जात नाही. फोनवरच विचारतो, शेजारच्याची मोटर चालू आहे का? त्याचीही बंद असली तर डीपीवरच, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच, फेज गेला, स्टार्टर उघडून फायदा नाही. शेजारची चालू असली तर मग आपल्या स्टार्टरकडे, मग केबलकडे, आणि शेवटी मोटरीकडे. मोटर बोअरमधून वर काढायची म्हणजे चार माणसं आणि दिवसाचा खाडा, म्हणून तिच्यावर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा.

मी त्याला म्हटलं, हे तू आत सांगणार आहेस ना?

"हे? यात काय, ताई."

दोष शोधताना स्वस्त शक्यता आधी तपासायची आणि महागडी शेवटी, हे शिकवायला कारखान्यात आम्ही बाहेरून माणूस बोलवायचो आणि त्याला जेवणासकट पैसे द्यायचो. त्या मुलाकडून मी ते उत्तर सात वेळा म्हणून घेतलं. तिसऱ्यांदा त्यात 'प्रॉब्लेम सॉल्व्हिंग ॲबिलिटी' घुसलं, ते काढायला लावलं. चौथ्यांदा आकडे आले: गेल्या उन्हाळ्यात साधारण किती फोन, त्यांतले किती जागेवर न जाताच सुटले. माहीत नसेल तर मोज, म्हटलं, मोबाइलमध्ये कॉलची यादी असते.

दुसरी एक मुलगी, बचत गटांना कर्ज देणाऱ्या संस्थेत जागा होती. तिची आई ऑर्डरीचे मांडे करते. खापरावरचे, हातावर रुमालासारखे पसरवलेले, पुरणाचे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आठवडाभर त्यांच्या घरी श्वास घ्यायला जागा नसते. मुलगी मान खाली घालून म्हणाली, "माले तं मांडा बी येत नही." घरात तिची ही नामुष्कीच आहे, आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. पण ऑर्डरींची वही तिच्याकडे. आगाऊ रक्कम कोणी दिली, कोणाला सकाळी हवेत, किती खापरं तापवायची, कोणत्या बायकांना किती वाजता बोलवायचं, किती किलो डाळ रात्री भिजवायची. एका वर्षी एकाच सकाळी दोन लग्नं आणि वर आखाजी आली, तेव्हा तिने नात्यातल्याच एका ऑर्डरीला नाही म्हटलं. आई महिनाभर बोलली नाही. मी विचारलं, पश्चात्ताप झाला? म्हणाली, नाही, घेतली असती तर तिन्ही बिघडल्या असत्या. कर्ज देणाऱ्या संस्थेला नाही म्हणता येणारी माणसंच हवी असतात. हे तिला माझ्याकडून कळलं, याचं मला बरं वाटण्यापेक्षा वाईट जास्त वाटलं.

आणि वर्षातून एकदा तरी असा पोरगा येतो, की गावाबद्दल विचारलं तर म्हणतो, "अमळनेर इज अ स्मॉल टाउन, नथिंग स्पेशल." त्याच पोराला विप्रोच्या मुलाखतीला जायचं असतं. मी विचारते, ती कंपनी कुठे सुरू झाली? बंगळूर, म्हणतो. अरे बाबा, १९४५ साली, इथे, वनस्पती तूप काढायला. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, त्यातूनच पुढे विप्रो हे नाव आलं. साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कुलात मास्तर होते, हे तरी माहीत असतं, पण ते 'स्ट्रेंग्थ'मध्ये कशाला सांगायचं, असं त्याला वाटतं. सांगायचं नकोच. फक्त नथिंग म्हणू नये. मी काचेच्या दाराबाहेर जे ठेवून गेले होते, तेच हा नथिंगमध्ये ठेवतो.

याची दुसरी बाजूही बघितली आहे. एकाने माझ्या या पद्धतीचा वास घेऊन झकास गोष्ट रचली. पुरात अडकलेल्या गुरांची. बोरी नदी, रात्र, दोर, सगळं होतं. मी विचारलं, दोर कुठून आणलास, कोणी धरला होता, गुरं कोणाची? तिसऱ्या प्रश्नाला नदी आटली. गोष्ट खरी असली की तिच्यात कंटाळवाणे तपशील असतात, कोणाची तरी चप्पल वाहून गेलेली असते. रचलेल्या गोष्टीत सगळे शूर असतात. शिवाय खेड्यातून आलो म्हणजे आपोआप कष्टाळू आणि प्रामाणिक, हाही एक गोड गैरसमज आहे. ज्या पेढीच्या पट्टीत बेरीज चुकायची ती पेढी गावातलीच होती.

वीकनेसबद्दल फार बोलत नाही. 'मी परफेक्शनिस्ट आहे' असं म्हणू नका, एवढं सांगते. 'ण' जमत नसेल तर जमत नाही. शिरपूर-साक्रीच्या शेतकऱ्याशी बोलायला माणूस हवा असेल, तर पानी म्हणणारा जास्त उपयोगी. हे मी निवड समितीत बसून बघितलं आहे.

मोटरीवाल्या मुलाची मुलाखत गेल्या महिन्यात नाशिकला झाली. संध्याकाळी त्याचा फोन आला. मी घाईने विचारलं, सांगितलंस का सगळं, शेजारच्याची मोटर, डीपी, आकडे?

"ताई, त्यांनी तो प्रश्न विचारलाच नाही."

सात वेळा म्हणून घेतलेलं उत्तर. मी कपाळाला हात लावला. मग विचारलं काय?

"विचारलं, तुमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री असतं, तुम्ही लोक राहता कसे?"

"मग?"

फोनवर जरा वेळ नुसता एसटी स्टँडचा आवाज येत राहिला.

"निघून गेलं तोंडातून, ताई. म्हटलं, सवय शे."

साहेब हसले म्हणाला, पण ते कोणत्या तऱ्हेचं हसू होतं ते त्याला सांगता येईना. निकाल अजून लागायचा आहे.